डीस्केल करूनही एस्प्रेसो मशीन परत परत चोंदतंय? (सेकंडहँड मशीन आणि ग्राइंडर, दोन्हीची साफसफाई)

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. मशीन चालू केलं की पंपाचा आवाज नेहमीसारखाच येतो पण कपात कॉफी थेंब थेंब पडते. डीस्केल केलं, म्हणजे आतला क्षारांचा थर आम्लानं काढला, की आठ-दहा दिवस बरं चालतं, कधी कधी तर तिसऱ्याच दिवशी आधीपेक्षा जास्त तुंबतं. शॉट (एका वेळची कॉफी) संपल्यावर ड्रिप ट्रेमध्ये जो फुस्स आवाज येऊन पाणी सुटतं ते सुटेनासं होतं, आणि पोर्टाफिल्टर (कॉफी भरायचं हँडलवालं भांडं) सोडवायला गेलं की ओला चोथा अंगावर उडतो. ह्यातली दोन लक्षणं जरी जुळली तरी पुढचं वाचा, कारण मी नोव्हेंबर ते एप्रिल ह्याच चक्रात होते, तीन वेळा डीस्केल केलं आणि तिन्ही वेळा दुखतंय एकीकडे आणि लेप दुसरीकडे असं चाललं होतं.

मशीन घेतलं एका मुलाकडून, तो नोकरीसाठी परदेशी चालला होता. इटालियन बनावटीचं, छोटा ॲल्युमिनियमचा बॉयलर, ५८ मिमीचा पोर्टाफिल्टर, आत थ्री-वे सोलेनॉइड व्हॉल्व्ह (पाण्याची वाट उघडणारी-बंद करणारी विजेवरची झडप). सोबत कोनिकल बरचा, म्हणजे शंकूच्या आकाराच्या दात्यांचा ग्राइंडर. दोन वर्षं वापरलेलं आणि नंतर वर्षभर माळ्यावर पडून. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष मशीनचा नव्हताच, आणि ह्या बांधणीचं कुठलंही मशीन असलं तरी सगळं असंच लागू पडेल.

पहिली गोष्ट जी मला कुणीतरी आधी सांगायला हवी होती ती म्हणजे मशीनमध्ये घाण दोन प्रकारची असते आणि दोन्हीचं औषध वेगळं आहे. एक कॉफीचं तेल, दुसरे पाण्यातले क्षार. कढईच्या बाहेरचा तेलाचा चिकटा लिंबानं निघत नाही आणि गीझरमधला पांढरा थर साबणानं निघत नाही, तसंच आहे हे. तेलाला अल्कलीवालं लागतं, म्हणजे कॉफी मशीनचा क्लीनिंग पावडर किंवा बिनवासाचं सोडियम परकार्बोनेट. क्षारांना आम्ल लागतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपलं वाण्याकडचं लिंबूसत्व. आणि ह्यांच्या जागाही वेगळ्या आहेत: बॉयलरपर्यंत कॉफी पोचत नाही, तिथे फक्त क्षार. जाळी (जिच्यातून गरम पाणी कॉफीवर पडतं), बास्केट (पोर्टाफिल्टरमधली भोकांची वाटी), पोर्टाफिल्टर आणि त्याच्या नळ्या इथे मुख्यतः तेल. सोलेनॉइड ही एकच जागा अशी आहे जिथे दोन्ही येतात, वरून क्षाराची कपची येते आणि खालून कॉफीची भुकटी ओढली जाते, म्हणून तुंबायला तोच सगळ्यात आधी तुंबतो. व्हिनेगर मी वापरत नाही, वास रबरात मुरतो तो आठवडाभर जात नाही.

आता निदान. खोलायच्या आधी हे दोन मिनिटांचं करून बघा. पोर्टाफिल्टर काढून ठेवा, खाली मापाचा ग्लास धरा, ब्रूचं (कॉफी काढायचं) बटण दाबून बरोबर १० सेकंद पाणी सोडा. माझ्या मशीनला साफ असताना ९० मिलीच्या आसपास येतं, तुंबलेलं असताना २५ आलं होतं. मग तेच स्टीमच्या नळीतून करा, स्टीमचं बटण बंद ठेवून, नॉब उघडून, पंप चालवून. नळीतून पाणी भरपूर येतंय आणि ग्रुपमधून (पोर्टाफिल्टर बसतो त्या तोंडातून) करंगळीएवढीही धार नाही, तर पंप आणि बॉयलरची वाट मोकळी आहे, अडथळा सोलेनॉइडमध्ये किंवा जाळीच्या वर आहे. दोन्हीकडून कमी येतंय तर टाकीतली नळी, तिच्या टोकाची बारीक जाळी, पंप ह्यांच्याकडे बघा. आणि दोन्हीकडून भरपूर येतंय पण कॉफी घातली की अडतंय, तर मशीनला हात लावू नका, ग्राइंडरकडे जा. हा तिसरा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो, त्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

माझं नळीतून भरपूर, ग्रुपमधून नाही. म्हणजे सोलेनॉइड.

खोलायच्या आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आत २३० व्होल्ट उघड्या टर्मिनलवर आहेत. मशीन पूर्ण गार होऊ द्या, स्टीमचा नॉब उघडून दाब सोडून द्या, टाकी काढा. प्रत्येक वायर काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, दोन बाजूंनी काढा, कारण दोन्ही थर्मोस्टॅटच्या वायरी सारख्याच दिसतात आणि परत जोडताना अंदाज चालत नाही.

जाळीचा मधला स्क्रू, जाळी, तिच्या वरची प्लेट हे सगळं आधी काढून घ्या. माझ्या जाळीच्या मागे काळा गुळगुळीत थर होता, नखानं खरवडला तर चॉकलेटसारखा निघाला आणि वास आला जुन्या चिवड्याच्या डब्यात तळाशी राहिलेल्या तेलाचा, खवट. आधीच्या मालकानं चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची पावडर ह्यात वापरली होती, पाकीट अजून डब्यात होतं. ती पावडर दाक्षिणात्य फिल्टरला उत्तम, पण इथे नका वापरू, चिकोरी चिकट असते आणि बारीक भुकटी जाळीच्या भोकांमधून वर जाऊन बसते. स्टीलची जाळी आणि बास्केट गरम पाण्यात चमचाभर क्लीनिंग पावडर टाकून वीस मिनिटं भिजवा, पाणी चहासारखं होतं आणि भांडं परत नवं दिसतं. पण प्लेट जर ॲल्युमिनियमची असेल तर ती ह्या पाण्यात अजिबात टाकू नका, काळी पडते, आणि तो काळेपणा मग बोटाला लागत राहतो. माझी पडली. ॲल्युमिनियमला नेहमीचा भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश पुरतो.

सोलेनॉइड ग्रुपच्या बाजूला दोन ॲलन बोल्टवर बसलेला असतो. कॉइलवरचा नट काढला की कॉइल वर सरकून निघते, मग खालचा दांडा पान्यानं सोडवायचा, आत छोटा प्लंजर, स्प्रिंग आणि दोन्ही टोकांना रबर. हे पांढऱ्या कापडावर उघडा, स्प्रिंग उडाली तर फरशीवर सापडत नाही. काम काय करतो हा तुकडा, तर बटण दाबलं की प्लंजर वर ओढला जातो आणि बॉयलरमधून ग्रुपकडे वाट उघडते, बटण सोडलं की ती वाट बंद होऊन ग्रुपमधला उरलेला दाब ड्रिप ट्रेकडे सुटतो, तेच ते फुस्स. ही सगळी वाहतूक दोनेक मिलिमीटरच्या भोकातून चालते.

त्या भोकात मला जे सापडलं त्यानं सगळा उलगडा झाला. मसुराच्या डाळीच्या अर्धी असेल अशी एक कपची. एका बाजूनं पांढरी, खडबडीत, आणि दुसरी बाजू करडी, सपाट, तिच्यावर बारीक समांतर रेघा. म्हणजे ती बॉयलरच्या भिंतीला चिकटलेली होती आणि भिंतीवरच्या कातकामाच्या रेघा तिच्यावर उमटल्या होत्या. ही कपची पाण्याबरोबर वाढत वाढत भोकात तयार झालेली नव्हती, ती वरून तुटून आली होती. आणि तोडली कुणी, तर मीच, डीस्केल करून.

इथे जरा थांबून सांगते, कारण हेच मूळ आहे. पातळ थर असेल तेव्हा लिंबूसत्वाचं पाणी फिरवलं की तो विरघळतो आणि वाहून जातो, डीस्केलिंग हे पातळ थरासाठीच आहे. पण थर जाड असेल, वर्षानुवर्षांचा, तर वीस मिनिटांत तो पूर्ण विरघळत नाही, आम्ल भेगांमधून आत शिरतं, मुळाशी पोखरतं, आणि मग जुन्या भिंतीचा गिलावा पडतो तसे पापुद्रे सुटतात. ते पापुद्रे बॉयलरमध्ये मोकळे फिरतात. प्रत्येक शॉटला पाणी सोलेनॉइडकडे जातं आणि एखादा पापुद्रा त्याच्यासोबत जातो. म्हणून डीस्केल केल्यावर थोडे दिवस छान आणि मग आधीपेक्षा वाईट. परत डीस्केल केलं की अडकलेली कपची विरघळते आणि त्याच वेळी वर आणखी दहा सुटतात. जानेवारीत, फेब्रुवारीत आणि मार्चअखेर मी हेच केलं.

तेव्हा सेकंडहँड मशीन असेल आणि आधीच्या पाण्याची खात्री नसेल तर एकदा बॉयलर खोलाच. डीस्केलच्या मागे महिने घालवण्यापेक्षा हे एका रविवारचं काम आहे.

बॉयलरचे चार ॲलन बोल्ट, माझे दोन गंजून धरलेले. घाई केली की बोल्टचं डोकं गोल होतं आणि मग ड्रिल मारायची वेळ येते. बोल्टच्या बाहेरच्या बाजूनं गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवलं, सकाळी ॲलन की पूर्ण आत बसवून, वरून लाकडी मुठीनं दोन-तीन ठोके दिले आणि मग हळूहळू जोर लावला, तेव्हा कट्ट आवाज होऊन सुटले. स्प्रे पाण्याच्या वाटेत जाणार नाही ह्याची काळजी घ्या, गेलाच तर साबणानं दोनदा धुवा.

आत तळाशी चहाचे दोन चमचे भरतील एवढ्या कपच्या निघाल्या. ह्या मशीनमध्ये तापवायची कॉइल बॉयलरच्या भिंतीत बाहेरून बसवलेली असते, त्यामुळे त्या दोन बाजूंना थर सगळ्यात जाड आणि समोरच्या बाजूंना त्या मानानं पातळ, बरोबर कॉइलचा आकार पांढऱ्या रंगात दिसत होता.

लिंबूसत्वाचं पाणी इथे थोडं जास्त घट्ट चालतं, लिटरला ५० ग्रॅम. मशीन न खोलता नुसतं फिरवायचं असेल तर २० ते ३० ग्रॅम पुरे. पाणी कोमट घ्या, उकळतं नको. मला वाटायचं गरम असेल तर काम लवकर होईल, पण आम्ल जास्त आणि पाणी खूप गरम असलं की पांढरी भुकटी खाली बसते, ते कॅल्शियम सायट्रेट, ते गार पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळतं. म्हणजे एक क्षार काढायला जाऊन दुसरा बसवायचा. दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, फेस थांबला की ओतून द्यायचं, धुऊन बघायचं, लागलं तर परत ताजं पाणी. रात्रभर भिजत ठेवू नका, ॲल्युमिनियम आम्लात खाल्लं जातं. पितळेचे तुकडे जास्त वेळ राहिले तर गुलाबी दिसायला लागतात, म्हणजे त्यातलं जस्त निघून तांबं वर आलं, गुलाबी छटा दिसली की लगेच बाहेर काढा. ॲल्युमिनियमची भिंत चकचकीत व्हायची वाट बघू नका, करडी, निस्तेज दिसली तरी ती बरोबर आहे, तो वरचा पातळ थर धातूला सांभाळतो, तो तारेच्या घासणीनं काढायचा नाही. सोलेनॉइडचं भोकसुद्धा सुईनं कोरू नका, टूथपिक वापरा, आतली बसायची जागा खरचटली तर ते कायमचं गळत राहतं.

परत जोडताना बॉयलरची रिंग नवी घाला, जुनी कितीही बरी दिसली तरी. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, एकच बोल्ट पूर्ण आवळला तर एका बाजूनं पाणी झिरपतं. ओ-रिंगना खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस, अगदी बोटाला लागेल इतकंच. ग्रुपचं गॅस्केटही ह्याच वेळी बदला. माझं दगडासारखं कडक झालं होतं, काढताना अक्षरशः तुकडे पडले, त्यामुळेच पोर्टाफिल्टरच्या बाजूनं गळायचं आणि हँडल मधोमध थांबायच्या ऐवजी उजवीकडे दूरवर फिरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जोडून झाल्यावर मशीन तापवायच्या आधी पंप चालवून बॉयलर भरून घ्या, नळीतून सलग धार आली पाहिजे. रिकामा बॉयलर तापला तर कॉइल जाते. प्लग लावताना ईएलसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा स्विच) असलेल्या पॉइंटवर लावा, कुठे वायरवर पाणी राहिलं असेल तर ते लगेच पडेल आणि तुम्हाला झटका बसणार नाही. आणि आधी दोन टाक्या साधं पाणी सोडून द्या, लिंबाची चव पूर्ण जाईपर्यंत.

आता पाणी, कारण बॉयलर साफ केला आणि पाणी तेच ठेवलं तर वर्षभरात तिथेच येऊन पोचणार.

माझी चूक अशी झाली की मी पाणी एकदाच मोजलं, नोव्हेंबरमध्ये. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर १९० आलं, म्हटलं छान आहे, आरओची गरज नाही. आम्ही वाघोलीच्या बाजूला राहतो. धरणाचं पाणी मऊ असतं, पण उन्हाळा जवळ आला की सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी त्याच टाकीत पडतं, आणि आपल्याकडचा काळा कातळ मुरलेलं बोअरचं पाणी कसं असतं ते सगळ्यांना माहिती आहे, डाळ शिजता शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. घरातला फिल्टर यूव्हीवाला, तो जंतू मारतो, क्षारांना हात लावत नाही. एप्रिलमध्ये त्याच नळाला मीटर लावला तर ६४०. मजा म्हणजे हे मला गीझर दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रींनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं, काळवंडलेली कॉइल हातात धरून, "ताई, कॉइल बदलून देतो, पण पाणी हेच राहिलं तर पुढच्या वर्षी परत बोलवाल." मी तेव्हा गीझरचाच विचार केला, ओट्यावरच्या मशीनमध्येही तेच पाणी तापतंय हे डोक्यात आलं नाही.

टीडीएस आणि कठीणपणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीडीएसमध्ये मीठ, सोडियम सगळंच आलं, थर बसतो तो मुख्यतः कॅल्शियम आणि बायकार्बोनेटमुळे, पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं आणि चुना भिंतीवर बसतो. तो मोजायला मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात थेंबवालं किट मिळतं, जीएच (एकूण कठीणपणा) आणि केएच (बायकार्बोनेट) अशा दोन बाटल्या, रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, कठीणपणाची एक जर्मन डिग्री म्हणजे साधारण १७.९ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). आपल्याकडच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५००, कठीणपणा २०० पर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो असं आहे. म्हणजे प्यायला चालणारं पाणी बॉयलरला चालेलच असं नाही, ह्या दोन्ही मर्यादा वेगळ्या कामासाठी आहेत. कॉफीसाठी ५० ते १७५ च्या मधे ठेवा असं म्हणतात, आणि माझ्या मते घरच्या छोट्या बॉयलरला त्यातलंही खालचं टोक बरं.

निव्वळ आरओ घालायचं का, तर एकदम शून्याजवळचं पाणीही बरं नाही, ते धातूला लागतं आणि कॉफी सपक लागते. उलट बऱ्याच घरगुती आरओमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, तो चव यावी म्हणून कच्चं पाणी परत थोडं मिसळतो, त्यामुळे आरओ आहे म्हणजे सुटलो असं नाही, नळाच्या तोंडाशी मोजा. मी आता शेजारच्या बिल्डिंगमधल्या बहिणीकडून आरओचं पाणी आणते, कंट्रोलर बंद करून ४० येतं, आणि त्यात पोटॅशियम बायकार्बोनेट घालते, लिटरला १०० मिलिग्रॅम. इतकं कमी घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून १० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली फ्रीजमध्ये ठेवायची आणि त्यातलं १० मिली दर लिटरला घालायचं. ह्यात कॅल्शियम जवळपास नाही त्यामुळे थर बसायला काही उरत नाही, आणि बायकार्बोनेट असल्यामुळे पाणी आम्लाकडे झुकत नाही. पावडर फूड ग्रेडच घ्या. आणि गॅरेजमधलं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर कृपा करून वापरू नका, ते पिण्यासाठी भरलेलं नसतं.

आता ग्राइंडर. ह्याच्यावर मी मुद्दाम नंतर आले पण वेळ ह्याच्यातच जास्त गेला, कारण दोन दुखणी एकमेकांना झाकत होती. सोलेनॉइड तुंबत गेला तसं मला वाटलं दळण फार बारीक होतंय, म्हणून मी आकडा ८ वरून वाढवत वाढवत १४ वर नेला, भरड केलं. सोलेनॉइड साफ केल्यावर त्याच १४ वर कॉफी नळासारखी वाहिली, १२ सेकंदांत कप भरला, आंबट पाणी. मग परत बारीक केलं तर एक शॉट ४० सेकंद आणि पुढचा १८, काही बदललेलं नसताना. मशीनमध्ये आता १० सेकंदांना ९० मिली येतंय, म्हणजे मशीनचा दोष नाही, राहिला ग्राइंडर.

हॉपर (वरचा बियांचा डबा) काढून नाक जवळ नेलं तर तोच खवट वास. पिठाच्या गिरणीत बाजरीच्या नंतर तांदूळ दळायला दिले की पहिल्या पिठात बाजरी येते, म्हणून आई पहिलं मूठभर वेगळं काढायला सांगायची. ग्राइंडरमध्येही तसंच, आतल्या वाटेत आणि बाहेर पडायच्या तोंडाशी जुनं पीठ अडकून राहतं. १८ ग्रॅम बिया टाकल्या तर १५ बाहेर यायच्या, आणि दुसऱ्यांदा कधी २० यायच्या. असं असेल तर आकडा कितीही फिरवा, शॉट एकसारखा येणारच नाही, कारण कपात कालची कॉफी किती आणि आजची किती हेच ठरलेलं नाही. वजनकाटा लावून आत टाकलेलं आणि बाहेर आलेलं दोन्ही तोला, सलग पाच वेळा, दुखणं तिथेच कळतं.

प्लग काढा, बिया काढा, वरचं दातांचं कडं सोडवा. सोडवण्याआधी आकडा लिहून ठेवा आणि कड्यावर-बॉडीवर मार्करनं एक रेघ मारा. खालचा शंकू काढायचा असेल तर मधला बोल्ट कुठल्या बाजूला सुटतो ते आधी बघा, काही ग्राइंडरात आटे उलटे असतात, नेहमीसारखा डावीकडे जोर लावलात तर आणखी आवळला जातो. माझ्या शंकूच्या दातांमधल्या खोबणी तेलानं भरून गेल्या होत्या, दिसायला दात आहेत असं वाटावं पण बोट फिरवलं तर गुळगुळीत. कोरड्या टूथब्रशनं आणि टूथपिकनं एकेक खोबण मोकळी केली, टूथपिकला करवंदाच्या चिकासारखं ताणलं जाणारं काळं लागत होतं. दात आणि कड्यांना पाणी लावू नका, स्टील असलं तरी गंजतं. फार चिकट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं फडकं ओलं करून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. तोंडाशी अडकलेलं पीठ व्हॅक्यूमनं ओढा, फुंकर मारलीत तर ते मोटरकडे जातं.

तांदूळ दळून ग्राइंडर साफ करा असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. मी नाही करत आणि तुम्हीही करू नका असं सांगेन. तांदूळ भाजलेल्या कॉफीपेक्षा खूप कडक, छोट्या मोटरवर आणि प्लॅस्टिकच्या गियरवर ताण येतो, आणि पिठाची भुकटी आत राहते ती वेगळीच.

साफ झाल्यावर दातांची धार बघा. नखाचं टोक धारेवरून हलकं ओढलं तर नख किसलं गेलं पाहिजे. घसरलं तर कडी बदलायची वेळ आली, जात्याला टाकी लावून घेतात तसं ह्याला घरी करता येत नाही. माझी धार ठीक होती, फक्त कड्याला धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या चकतीचा एक दात तुटलेला होता, त्यामुळे कडं दळताना किंचित हलायचं. चकती मागवून बदलली. परत बसवताना कडं रेघेवर आणा, रिकामा ग्राइंडर चालू ठेवून हळूहळू बारीककडे न्या, दात एकमेकांना जेमतेम टेकल्याचा किर्र आवाज आला की लगेच थांबून थोडं मागे या. बिया भरलेल्या असताना हे करू नका. हिवाळ्यात पीठ उडतं आणि सगळीकडे चिकटतं, तर दळायच्या आधी बियांना ओल्या चमच्याची दांडी फिरवा, एक थेंब पाणी पुरे, अडकणं बरंच कमी होतं.

आता १८ ग्रॅम आत, १७.८ ते १८ बाहेर, आकडा ६, आणि २७-२८ सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी. चिकमगळूरच्या मध्यम भाजलेल्या बिया आहेत, गूळ आणि संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी लागतं जे आधी सहा महिने त्या खवट चवीखाली दबलेलं होतं.

रोजचं काय करते तर शॉट झाला की दोन सेकंद पाणी सोडून जाळी पुसते. रविवारी बंद (बिनभोकाची) बास्केट लावून नुसत्या पाण्यानं बॅकफ्लश, म्हणजे पाणी उलटं फिरवून व्हॉल्व्ह धुणं, महिन्यातून एकदा अर्धा चमचा क्लीनिंग पावडर टाकून, ८ सेकंद चालू, मग बंद, फुस्स होऊ द्यायचं, असं पाच वेळा, आणि नंतर पावडर न घालता दहा वेळा. हे फक्त थ्री-वे व्हॉल्व्ह असलेल्या मशीनला, ज्या छोट्या मशीनमधून शॉटनंतर ड्रिप ट्रेत पाणी सुटत नाही त्यांना बॅकफ्लश करायचा नाही, दाबाला बाहेर जायला वाट नसते. डीस्केल आता करत नाही, पाणीच तसं नाही.

टाकीच्या मागे कागदी टेपची पट्टी चिकटवलीय, दर एक तारखेला १० सेकंदांचं माप तिच्यावर लिहिते. मे ९१, जून ९०, जुलै ९०, ऑगस्ट ८८. ७५ च्या खाली आलं तर आधी जाळी काढून बघेन, मग सोलेनॉइड. सध्या एवढंच राहिलंय की स्टीमच्या नळीतून गरम असताना मिनिटाला एखादा थेंब पडतो, नॉबच्या आतलं बसायचं रबर झिजलंय, ते मागवलंय.